रेणूची कात्री नाही हो, झोका आहे तो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान दिनाच्या पुरवणीत तुम्ही लेझरच्या पल्सने, म्हणजे क्षणभराच्या आखूड झोताने, रेणूंची थरथर ताब्यात ठेवण्यावर चक्क अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू, कारण एरवी २८ फेब्रुवारी म्हणजे रामन यांचा फोटो, शाळेतलं प्रदर्शन आणि खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, याच्या पलीकडे कुणी जात नाही. पण लेख वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून लिहायला बसलो, मोबाइलवर टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या. मी कराडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्याआधी साडेतीन वर्षं एका लेझर लॅबमध्ये रिसर्च फेलो होतो, पीएचडी काही झाली नाही, ती गोष्ट वेगळी, पण हे आरसे, ही ग्रेटिंगं स्वतःच्या हाताने अलाइन केलेली आहेत त्यामुळे गप्प बसवेना.

पहिली चूक साधी आहे पण लहान नाही. तुमच्या लेखात फेम्टोसेकंद म्हणजे 'सेकंदाचा अब्जावा भाग' असं दोनदा छापलंय. अब्जावा भाग म्हणजे नॅनोसेकंद. फेम्टो त्याच्याही दहा लाख पट लहान, एकावर पंधरा शून्यं. आमचे आजोबा संध्याकाळी परवच्याला बसवून म्हणून घ्यायचे, एकं दहं शतं सहस्र दशसहस्र लक्ष दशलक्ष कोटी दशकोटी अब्ज खर्व निखर्व महापद्म शंकू जलधी अंत्य मध्य परार्ध, त्यात बोटं मोजत गेलात तर पंधरा शून्यांवर 'अंत्य' येतं बघा. म्हणजे मराठीत शब्द आहे, आपणच विसरलोय. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात तितके सेकंद मोजत बसायचं ठरवलं तर ३ कोटी १७ लाख वर्षं लागतील. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर पळतो तो ३० फेम्टोसेकंदांत फक्त ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो, डोक्यावरच्या केसाची जाडीसुद्धा ओलांडत नाही.

आता तुम्ही म्हणाल दहा लाख पटीने काय बिघडलं, वाचकाला दोन्ही सारखंच. नाही हो, इथे सगळा खेळच त्यावर आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला बंध स्प्रिंगसारखा आतबाहेर होत असतो, एका फेरीला साधारण ९ फेम्टोसेकंद. तोच रेणू कोनात उघडझाप करतो त्याला २१ च्या आसपास. नॅनोसेकंदाचा पल्स घेतलात तर तेवढ्या वेळात तो बंध लाखभर वेळा आतबाहेर करून मोकळा झालेला असतो. देवळातली घंटा वाजवायची तर लोलक चटकन आपटून मागे यायला लागतो, तसाच टेकवून धरला तर घंटा मुकी होते. रेणूचंही तसंच आहे, त्याला वाजवायचा तर टोला त्याच्या एका कंपनापेक्षा कमी वेळात पडला पाहिजे. इतका आखूड टोला देता यायला लागला तेव्हाच हा विषय सुरू झाला. इजिप्तमध्ये जन्मलेले अहमद झेवेल, अमेरिकेत कॅलटेकला होते, त्यांनी १९८७ मध्ये रेणूतला बंध तुटताना 'बघितला', त्याला १९९९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. बघितला म्हणजे कसा, तर एक पल्स धक्का द्यायला आणि दुसरा थोड्या उशिराने फोटो काढायला. हा उशीर आणायची पद्धत मला अजूनही भारी वाटते, घड्याळ वगैरे काही नाही, नुसता आरसा मागे सरकवायचा. आरशाखालच्या सरकत्या स्टेजचा स्क्रू फिरवून आरसा एक मायक्रॉन मागे घेतला की प्रकाशाला जाऊन-येऊन दोन मायक्रॉन जास्त पडतात, झाला साडेसहा-पावणेसात फेम्टोसेकंद उशीर. वेळ मोजायची तीसुद्धा फूटपट्टीने.

दुसरी गोष्ट तुमच्या हेडिंगची. 'लेझरच्या कात्रीने रेणू हवा तसा कापणार.' बारावीचा एक पोरगा ते कात्रण घेऊन स्टाफरूममध्ये आला, म्हणाला सर, मग मी केमिकल इंजिनिअरिंगला जाऊ नको का, कारण पुढे सगळी केमिस्ट्री लेझरच करणार. त्याला समजवायला दोन ऑफ पिरियड गेले, आणि हे पत्र म्हणजे खरं तर त्याला जे सांगितलं तेच आहे.

कात्री हा शब्दच चुकीचा. आमच्याकडे नागपंचमीला झाडाला झोके बांधतात, बायका उभ्याने झोका चढवतात. एकटीने पहिल्याच दणक्यात झोका फांदीपर्यंत नेलाय असं कुणी बघितलंय का? झोका चढतो तो तालावर, परत येऊन क्षणभर थांबतो तेव्हाच गुडघ्यातून रेटा द्यायचा, अर्धा क्षण आधी दिला तर झोका उलट मारला जातो. रेणूच्या थरथरीवर ताबा म्हणजे एवढंच. १९९० मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या कीथ नेल्सन यांनी आणि पल्सला आकार देण्यात हातखंडा असलेल्या अँड्र्यू वाइनर यांनी मिळून पेरिलीन नावाच्या सेंद्रिय पदार्थाच्या स्फटिकावर हेच केलं. एका पल्सऐवजी पल्सची माळ सोडली, दोन पल्समधलं अंतर साधारण ४०० फेम्टोसेकंद, म्हणजे त्या स्फटिकातल्या एका विशिष्ट थरथरीच्या एका फेरीएवढं. बाकीच्या थरथरी तालात बसेनात म्हणून दबून गेल्या आणि ती एकच चढत गेली. कापलं काहीच नाही, फक्त पाहिजे तो झोका चढवला आणि नको ते झोके उतरवले. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात स्वच्छ प्रयोग तो हाच, आणि तुमच्या लेखात त्याचं नावही नाही.

आता पल्सची अशी माळ कशी करतात हे तुमच्या लेखात 'खास उपकरणाने' एवढ्यात उरकलंय, तिथे मला थोडं थांबू द्या, कारण ते उपकरण म्हणजे माझ्या आयुष्यातली साडेतीन वर्षं आहेत. लेझर म्हणजे एकच रंग असं आपण पोरांना शिकवतो, मीही शिकवतो, पण इतक्या आखूड पल्समध्ये एकच रंग असूच शकत नाही. पल्स जितका आखूड तितका रंगांचा पट्टा रुंद लागतो, ८०० नॅनोमीटरच्या आसपास १० फेम्टोसेकंदांचा पल्स हवा तर ९० नॅनोमीटरच्या वर पट्टा लागतो. गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोल पथक डोळ्यापुढे आणा, पन्नास ढोलांवर टिपरू एकाच क्षणी पडलं तर एकच दणका, छातीत बसतो, आणि तेच पन्नास जण थोडे थोडे मागेपुढे वाजवायला लागले तर तेवढीच ताकद लांबत जाऊन नुसता गडगडाट होतो. पल्सचं तसंच. साधी एक सेंटीमीटर काच मधे आली तरी लाल रंग पुढे पळतो, निळीकडचा मागे रेंगाळतो आणि १० फेम्टोसेकंदांचा पल्स बाहेर येईपर्यंत शंभराच्या वर गेलेला असतो. म्हणून तर आम्ही लेन्ससुद्धा मोजून-मापून लावायचो.

मग शेपर, म्हणजे पल्सला आकार देणारं हे उपकरण, काय करतो, तर प्रत्येक ढोलवाल्याला वेगळं सांगतो की तू किती उशिरा वाजव. एक ग्रेटिंग, ते रंग पसरवतं. एक लेन्स, ती प्रत्येक रंग आपापल्या जागी नेऊन टाकते. मधे मास्क. मग परत लेन्स, परत ग्रेटिंग, रंग पुन्हा एकत्र. सगळं टेबलावर दोन-अडीच फुटांत. मास्क म्हणजे आपल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतो तसलाच लिक्विड क्रिस्टल, सुरुवातीला त्यात १२८ उभ्या पट्ट्या असायच्या, नंतर ६४० वाले आले, प्रत्येक पट्टीला वेगळा व्होल्टेज दिला की तिथून जाणारा रंग तेवढा मागेपुढे होतो. एकही रंग कमी करायचा नाही, नुसतं मागेपुढे. या मागेपुढेला फेज म्हणतात, आणि ही फेज लाटेसारखी वरखाली केली की एका पल्सची माळ होते. वाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८० च्या दशकात बेल कम्युनिकेशन्स रिसर्चमध्ये घडवलं, पुढे ते परड्यू विद्यापीठात गेले.

माझा स्वतःचा त्याच्याशी पहिला परिचय म्हणजे अंधाऱ्या खोलीत, गॉगल लावून, हातातलं घड्याळ आणि अंगठी काढून ठेवून (चकाकलं की बीम कुठेही जातो आणि डोळ्यात गेला तर संपलं), मास्कच्या जागी पांढरं कार्ड धरलं तेव्हा दिसलेली एक रेघ. बोटाएवढी लांब, मळकट लाल, एका टोकाला विरत गेलेली. इतकीच. सरांनी सांगितलं मधे काहीतरी बारीक आडवं धर, खिशात काही नव्हतं, कुणीतरी दसऱ्याच्या पूजेची उदबत्ती कपाटावर ठेवली होती तिची काडी मोडून धरली, तर शेजारच्या स्क्रीनवर स्पेक्ट्रमच्या डोंगरात बरोबर मधे एक खाच पडली. काडी सरकवली की खाच सरकते. मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं की आपण खरोखर प्रकाशातला एकेक रंग चिमटीत धरतोय.

इथेच रामन यांचा धागा होता आणि विज्ञान दिनाच्या लेखात तोच सुटला याचं सगळ्यात वाईट वाटलं. १९२८ मध्ये कोलकात्याला रामन यांनी दाखवलं की प्रकाश रेणूवरून विखुरताना रेणूच्या थरथरीएवढी ऊर्जा देतो किंवा घेतो आणि त्याचा रंग तेवढा बदलतो. सुरुवातीला त्यांनी गाळलेला सूर्यप्रकाश वापरला, नंतर पाऱ्याचा दिवा. फेम्टोसेकंद पल्समध्ये तर भरपूर रंग एकत्रच असतात, त्यातल्या कुठल्या तरी दोन रंगांमधला फरक रेणूच्या थरथरीशी जुळतोच, मग तो एकच पल्स दोन्हीकडून धरून रेणूला झोका देतो. पेरिलीनचा प्रयोग म्हणजे हाच रामन परिणाम, फक्त तालावर. त्याच दिवसाच्या पुरवणीत वर रामन यांचा फोटो आणि खाली हा लेख, आणि दोघांचं नातं काय ते एका ओळीतसुद्धा नाही!

झोक्याचं अजून एक आहे. झोका फार उंच गेला की त्याची फेरी लांबते, दोर काटकोनापर्यंत गेला तर साधारण १८ टक्क्यांनी. छोट्या झोक्याच्या तालावर धक्के देत राहिलात तर वर गेल्यावर ताल चुकतो आणि झोका आपोआप मार खातो. रेणूचा बंधही असाच, जास्त ताणला की सैल पडतो, फेरी लांबते. म्हणून इन्फ्रारेड पल्सने एका बंधाला पायरी पायरीने वर चढवायचं तर पल्सची वारंवारिता सुरुवातीला चढी आणि शेवटाकडे उतरती पाहिजे, गवई वरच्या सुरावरून मींड घेत खाली येतो तशी. म्युनिकजवळ गार्चिंगला माक्स प्लांक संस्थेत २००३ च्या सुमारास क्रोमियमला सहा कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रेणूवर हे केलं, पल्सला बरोबर उतरता आकार दिला तर रेणू शिडी चढून त्यातला एक कार्बन मोनॉक्साइड सुटून जातो. इथे कापलं म्हणायचं तर म्हणा, पण ते झोका चढवून चढवून दोर तुटण्यासारखं आहे.

मग कात्रीचं स्वप्न आलं कुठून? ते जुनं आहे, १९७० च्या दशकातलं. ताकदवान लेझर हाताशी आल्यावर लोकांना वाटलं, प्रत्येक बंधाची थरथर वेगळी, मग त्या बंधाच्या वारंवारितेचा लेझर मारा, तो बंध तुटेल, बाकीचे जागेवर. कागदावर एकदम बरोबर. प्रत्यक्षात काय होतं, वाड्यात एका बिऱ्हाडाने लसणाची फोडणी दिली तर ती त्यांच्याच घरात राहते का? दोन मिनिटांत माडीवरच्या म्हातारीला ठसका. रेणूत एका बंधात ऊर्जा ओतली की पिकोसेकंदांत (एक पिको म्हणजे हजार फेम्टो), कधी त्याच्याही आत, ती सगळ्या रेणूभर पसरते आणि मग तुटतो तो सगळ्यात कच्चा बंध, जो साध्या बर्नरवर तापवूनही तुटला असता. पाण्याच्या जड भावासारख्या लहान रेणूंवर, ज्यात एक हायड्रोजन आणि एक ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन असतो, बंध निवडून तोडून दाखवलेत, पण मोठा रेणू म्हटलं की फोडणी पसरलीच.

म्हणून मग डोकेबाज लोकांनी १९८५-८६ मध्ये वेगळी वाट काढली, टॅनर आणि राइस म्हणाले फोडणी पसरायच्या आत दुसरा पल्स मारू, ब्रुमर आणि शॅपिरो म्हणाले दोन वाटांनी नेऊन त्यांचं इंटरफेरन्स, म्हणजे लाटांची बेरीज-वजाबाकी, करू. आणि १९९२ मध्ये जडसन आणि रॅबिट्झ यांनी हातच टेकले, पण फार हुशारीने. ते म्हणाले रेणूचं गणित आपल्याला सुटत नाही ना, मग रेणूलाच विचारू. १२८ पट्ट्या, प्रत्येकीला नुसते दहा पर्याय धरले तरी एकावर १२८ शून्यं एवढे पल्स होतात, सगळे करून बघायला विश्वाचं वय पुरणार नाही. मग शेतकरी बियाणं धरतो तसं करायचं. पन्नास-साठ वेडेवाकडे पल्स सोडायचे, ज्याने आपल्याला हवं ते जास्त झालं ते बियाण्याला ठेवायचे, त्यांचे संकर करायचे, पुन्हा पेरायचे. तुमच्या लेखात 'आता एआयच्या मदतीने' असं लिहिलंय, त्यातलं 'आता' तीस वर्षांपूर्वीचं आहे. १९९८ मध्ये जर्मनीत वुर्झबुर्गला गेर्बर यांच्या गटाने लोखंड असलेल्या एका रेणूवर हे करून दाखवलं, कुठले तुकडे किती पडतात त्याचं प्रमाण पल्सचा आकार बदलून बदललं. कात्रीच्या सगळ्यात जवळ कोण गेलं असेल तर ते हे लोक.

पण याच्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. आमच्या लॅबमध्ये असाच अल्गोरिदम लावला होता, दोन तुकड्यांच्या सिग्नलचं गुणोत्तर वाढव एवढंच त्याला सांगितलेलं. मे महिना. रात्री नऊला रन सुरू केला, शेजारच्या खोलीत खुर्चीवर झोपलो, लेन्सच्या फोकसला हवेत ठिणगी पडते तिचा हजार हर्ट्झचा किर्रर्र आवाज भिंतीतून येत होता, त्याच्यावर झोप बरी लागायची. पहाटे बघतो तर आलेख चढतच गेलेला, पिढी मागून पिढी, इतका सुंदर की मी स्क्रीनचा फोटो काढून आईला पाठवला, तिला काय कळणार, पण पाठवला. सर दहाला आले, बघितलं, आणि एकच प्रश्न विचारला, रेफरन्स पल्स घेतलास का? म्हणजे मधे मधे साधा, आकार न दिलेला पल्स सोडून त्याचंही गुणोत्तर बघायचं असतं. नव्हता घेतला. मग त्याच वेळी घेतला तर त्या साध्या पल्सचंही गुणोत्तर तेवढंच चढलेलं! रात्रीत एसी धापा टाकत बंद-चालू होत होता, खोली गरम झाली, बीम हलला, तीव्रता बदलली आणि तुकड्यांचं प्रमाण तीव्रतेवर अवलंबून असतंच. अल्गोरिदमने रेणूचं काही शिकलं नव्हतं, आमच्या एसीचं शिकलं होतं. एसी बदलायची फाइल माझ्या आधीपासून फिरत होती, मी सोडलं तेव्हाही फिरतच होती.

हे सांगतो कारण या क्षेत्रातल्या बऱ्याच 'कंट्रोल'वर हाच संशय घेतला गेलाय, की हुशार आकाराने जे झालं ते नुसती तीव्रता कमीजास्त करून झालं नसतं कशावरून. काही दावे त्यात टिकले, काही पातळ झाले. २००२ मध्ये हेरेक, मोट्झकुस वगैरेंनी जांभळ्या बॅक्टेरियाच्या प्रकाश गोळा करणाऱ्या प्रोटीनमध्ये ऊर्जा कुठल्या वाटेने जाते ते पल्सच्या माळेने वळवलं, माळेचं अंतर तिथल्या एका थरथरीशी जुळत होतं, ते मला पटतं. २००६ मध्ये मिलर यांच्या गटाने मिठागरांना गुलाबी-जांभळा रंग देणाऱ्या जिवांच्या प्रोटीनमध्ये रेटिनल नावाचा रेणू वळण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी खालीवर केल्याचं छापलं, तेही अगदी मंद प्रकाशात, आणि त्यावर लगेच वाद झाला की मंद प्रकाशात नुसत्या फेजने असं व्हायलाच नको. मी त्या वादात शंका घेणाऱ्यांच्या बाजूला झुकतो, पण माझ्या झुकण्याला कोण विचारतंय.

तुमच्या लेखातलं 'औषध कंपन्यांचा खर्च वाचणार' हे वाक्य मात्र हिशेब न करता लिहिलंय. हिशेब असा. आमचा लेझर सरासरी एक वॅटचा. झिरोच्या बल्बपेक्षाही कमी. हां, एका पल्समध्ये एक मिलिज्यूल आणि ती ३० फेम्टोसेकंदांत कोंबलेली, म्हणजे त्या क्षणापुरती ताकद ३३ गिगावॅट, आमच्या शेजारचं कोयनेचं वीज केंद्र १९६० मेगावॅटचं, अशा सोळा-सतरा कोयना. ऐकायला जबरदस्त. पण रेणू मोजायला गेलं की काय? हिशेबापुरतं १८ ग्रॅम पाणी घ्या, तीन-चार चमचे, त्यातल्या प्रत्येक रेणूला फक्त एकेक फोटॉन द्यायचा, एकही वाया जाऊ द्यायचा नाही, तर ८०० नॅनोमीटरचा एक वॅटचा लेझर साडेएकेचाळीस तास अखंड चालवावा लागेल. तीन-चार चमच्यांसाठी जवळजवळ दोन दिवस लेझर, चिलर, एसी आणि जागत बसलेला एक रिसर्च फेलो. कुठली कंपनी करेल हो? त्या पोराला हा हिशेब फळ्यावर करून दाखवला तेव्हा कुठे तो हसला, केमिकलला जायला हरकत नाही म्हणाला.

उपयोग दुसरीकडेच निघाला. थरथर ही रेणूच्या अंगठ्याचा ठसा आहे, त्यामुळे तोडायचं सोडून नुसतं ओळखायला हे सगळं तंत्र फार कामाचं. इस्राएलमध्ये वाइझमन इन्स्टिट्यूटच्या यारोन सिल्बरबर्ग यांच्या गटाने २००२ मध्ये एकाच आकार दिलेल्या पल्सने रेणूतली एकच थरथर निवडून जागी केली आणि तोच पल्स वापरून ती वाचली, मायक्रोस्कोपखालीसुद्धा. यावरून पुढे दुरूनच स्फोटकं ओळखायचं काम त्यांनी केलं, मिशिगनला मार्कोस दांतुस यांनी केलं, आणि हे दांतुस म्हणजे झेवेल यांचेच विद्यार्थी. आपल्याकडेही हे परकं नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये तीव्र, आखूड लेझर पल्समधल्या रेणूंवर दीपक माथुर यांनी कितीतरी वर्षं काम केलं, जी. रवींद्र कुमार यांचं अतितीव्र लेझरचं काम तर जगात माहीत आहे, आणि पल्सला आकार देऊन रेणूंवर ताबा मिळवण्याच्या याच विषयावर देबब्रत गोस्वामी यांनी आधी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आणि मग कानपूरच्या आयआयटीत काम उभं केलं. मराठी पेपरात परदेशी नावं आली त्याला ना नाही, पण चर्चगेटला उतरून बसने जाता येईल तिथे हे चालतं एवढं लिहायला काय हरकत होती?

माझी विनंती फार मोठी नाही. 'अब्जावा' ची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत चौकटीत छापा, बारक्या टायपात का होईना, कारण पोरं कात्रणं वहीत चिकटवतात आणि प्रोजेक्टमध्ये तसंच्या तसं उतरवतात. आणि लेखकांना परत लिहायला सांगा, मी टीका केली म्हणून थांबवू नका, त्यांची भाषा चांगली आहे, फक्त या वेळी पेरिलीनपासून सुरुवात करा म्हणावं.

कळावे, लोभ असावा.
आपला एक वाचक, कराड

ता.क. लेखासोबतचा फोटो डीजेच्या लेझरचा आहे. हिरवे हिरवे झोत, धूर, सगळं. आमच्या खोलीत यातलं काही दिसायचं नाही, बीम हवेतून जाताना दिसतच नाही, मधे कार्ड धरलं तर त्यावर तो मळकट लाल ठिपका तेवढा. हवा असेल तर माझ्याकडे तसा एक जुना फोटो आहे, थोडा हललेला आहे, कोपऱ्यात उदबत्तीचा पुडा पण आलाय.